वाघजाईच्या घटातला चुडा

ललितापंचमीला दिवेलागणीच्या वेळी आमच्या कातळवाडीतली झाडून सगळी माणसं वाघजाईच्या देवळात जमली होती. एरवी आमच्याकडे चार माणसं एकत्र आली की पाच जण एकदम बोलतात. त्या संध्याकाळी दीडशे माणसं मांडीला मांडी लावून बसली होती आणि कुणी हू की चू करत नव्हतं. देवळातले पंखेसुद्धा सागरबुवाने बंद करायला लावले होते. सगळे घामाने निथळत होते, पण पदराने वारा घ्यायचीही कुणाची छाती नव्हती. समोर घट बसलेला, आणि त्याच्या भोवती पाच दिवसांत चांगलं चार-पाच बोटं वाढलेलं हिरवंगार रुजवण. त्यातलं धान्य बुवाने स्वतःबरोबर आणलं होतं, म्हणे मंत्रून.

"ऐका माऊलींनो," बुवा हलक्या आवाजात म्हणाला. "आईसाहेबांच्या हातातला चुडा वाजतोय. निर्मळ कानाला तो ऐकू येतो. मळलेल्या कानाला नाही."

आधी पोरांनी माना वर केल्या. मग सुना एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि बघता बघता सगळ्यांचे हात जोडले गेले. खरंच आवाज येत होता म्हणे. बारीक, न थांबणारा, काचेच्या बांगड्या एकमेकींवर घासल्यासारखा. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणी जमिनीला डोकं टेकलं. मी खांबाशी बसलो होतो, घटापासून सात-आठ हातांवर, आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

हा सागरबुवा गणपती गेल्यावर आमच्या वाडीत उगवला होता. वय चाळिशीचं, केसांना काळाभोर कलप, गळ्यात रुद्राक्ष आणि खिशात दोन मोबाइल. बारा वर्षं डोंगरावर तप केलं असं सांगायचा. डोंगर कुठला, ते ऐकणारा कुठला आहे त्यावर ठरायचं. "आम्ही कोण करणारे, करवून घेणारी ती," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि तिसरं घावण ताटात वाढून घेतानाही तो तेच म्हणायचा. एरवी आमच्या लोकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावला असता. पण यंदा वाडीचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

श्रावणात हौसाचा ओमकार गेला होता. एकोणीस वर्षांचा मुलगा, लावणी आटपून आठ दिवस झाले आणि ताप आला. पाचव्या दिवशी डोळे पिवळे पडले, सातव्या दिवशी चिपळूणच्या दवाखान्यात संपला. हौसाला दुसरं मूल नाही. त्या दिवसापासून ती समोर येईल त्याला एकच विचारायची, कुणी केलं हे. आणि तिला उत्तर देणाराच माणूस शेवटी दारात आला.

त्या संध्याकाळी बुवाने विचारलं, वाडीत वयाने सगळ्यात मोठी बाई कोण, पहिला मान तिचा. सगळ्यांनी यमुनाबाईकडे बघितलं. यमुनाबाई शहात्तर वर्षांची. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, वाडीच्या टोकाला एकटी राहते आणि अजून स्वतःचं भात स्वतः लावते. आम्ही सगळे तिला वैनी म्हणतो. ती उठली, घटाजवळ गेली, डोक्यावरचा पदर कानामागे सारून खाली वाकली. बराच वेळ तिने अगदी मनापासून ऐकलं.

"मला काय आयकू येत नाय बा," ती म्हणाली.

बुवाने तिला पुन्हा ऐकायला लावलं. ती पुन्हा वाकली आणि पुन्हा नाही म्हणाली. वर त्याला समजावल्यासारखं म्हणाली, "नाय येत तर येतां कसां म्हनू?"

बुवाने डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि लांब उसासा टाकला. नाटकात असतं तर टाळी पडली असती. मग त्याने कुणाचंही नाव न घेता विचारलं की या वाडीतला एक तरणाताठा मुलगा यंदा गेला ना. हौसा बसल्या जागी हुंदके द्यायला लागली. बुवा म्हणाला की आईने दाखवायचं ते दाखवलं, आता तुमचं तुम्ही ओळखा. आणि कुणाला तरी आठवलंच की लावणीच्या दिवसांत यमुनाबाई आणि हौसा बांधावरच्या पाण्यावरून भांडल्या होत्या आणि यमुनाबाई तिला "बघशील" म्हणाली होती. अहो, लावणीत कोण कुणाला बघशील म्हणत नाही? मी स्वतः दरवर्षी दोघा-तिघांना म्हणतो.

त्यानंतर बुवाने वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना एकेक करून पुढे बोलावलं. आम्ही साठीपुढचे अकरा जण. पहिल्याला ऐकू आलं. दुसऱ्याला ऐकू आलं. बाबू गुरव, जो रोज त्या घटाला माळ चढवतो आणि पाणी शिंपडतो, त्यालाही स्पष्ट ऐकू आलं. माझी पाळी आली तेव्हा मी गुडघे टेकून वाकलो. कानात नुसता माझ्याच रक्ताचा धडधडाट होता. यमुनावैनी भिंतीशी एकटी उभी होती, तिच्या आजूबाजूची माणसं हातभर सरकली होती.

"येतंय," मी म्हणालो. "स्पष्ट येतंय."

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी लाज नीट कळेल. माझं नाव दत्तात्रेय. पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, जनित्रांच्या शेजारी मी तीस वर्षं नोकरी केली. कानाला लावायची टोपणं मिळायची, ती आम्ही खुंटीला टांगून ठेवायचो, कारण ती घातली की शेजारच्याची मस्करी ऐकू यायची नाही. निवृत्त होऊन गावी आलो तो वाडीतला शहाणा माणूस म्हणून. अंगात येणं कसं खोटं असतं यावर शाळेत दोनदा भाषण दिलंय. वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, हेही मला पाठ आहे. असा मी, आणि मला वाटलं की बाकी सगळ्यांना येतंय, एकट्या मलाच येत नाही. उद्या मी नाही म्हटलं तर बुवाचं बोट माझ्याकडे वळेल. म्हणून मी बोलून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी बुवाने यमुनावैनीला उतारा सांगितला. काळी कोंबडी, सोन्याचा मणी, आणि सगळ्या वाडीसमोर कबुली. ती म्हणाली, मी काही केलंच नाही तर उतरवू काय. झालं. गावकीची बैठक बसली आणि ठरलं की खंडेनवमीपर्यंत तिने कबूल करावं, नाहीतर ती वाळीत. तिच्याकडे जायचं नाही, तिला बोलवायचं नाही, ती मेली तर खांदा द्यायचा नाही. तोवरही विहिरीवर तिने यायचं नाही. या बैठकीला मी होतो. पाठ दुखते म्हणून लवकर उठून आलो, एवढाच माझा पराक्रम.

तिचं हळवं, म्हणजे लवकर येणारं, भात पिकलं होतं. आमच्याकडे कापणी एकट्याने होत नाही, आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. तिच्या शेतात कुणी गेलं नाही. पिकलेलं भात उभं राहिलं की दाणा खाली गळतो, वाऱ्याने आणखी गळतो. सप्तमीला सकाळी मी पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून जाताना पाहिलं, ती एकटी विळा घेऊन बसली होती आणि शेजारी कळशी होती. कळशीत खालच्या पऱ्याचं, ओढ्याचं, गढूळ पाणी होतं. मी खाली मान घालून पुढे गेलो.

आमच्या माडीवर शाळेच्या बाई भाड्याने राहतात, मनस्विनी नावाच्या. वय तिशीच्या आतबाहेर, रत्नागिरी शहरातल्या. पोरांना घेऊन माळावर किडे शोधत हिंडतात, त्यामुळे आयांचा त्यांच्यावर राग आणि पोरांचा जीव. अष्टमीला संध्याकाळी त्या पडवीत आल्या, माझ्यासमोर फडक्याने झाकलेली एक बरणी ठेवली आणि चहा घेऊन बसल्या. आम्ही पावसाचं बोललो, शाळेच्या कौलांचं बोललो. चहा संपल्यावर मी विचारलं की बरणीत काय आहे.

"काका, दहा मिनिटं झाली, तो ओरडतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर."

मी बरणीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फडकं वर केलं. आत गवताची काडी आणि काडीला समांतर बसलेला लांबट हिरवा नाकतोडा. डोकं टोकदार, आणि मिशा अंगाहून लांब, केसासारख्या. मी म्हणालो, हा तर भाताच्या शेतात कायम दिसतो.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. टोळ, नाकतोडे, रातकिडे हे सगळे एकाच गणातले, पण त्यात दोन घराणी. एक आखूड मिशांचं, म्हणजे टोळ आणि साधे नाकतोडे. ते मागची तंगडी पंखावर घासून आवाज काढतात आणि त्यांचे कान पोटाच्या बाजूला असतात. दुसरं लांब मिशांचं. रातकिडे त्यातलेच आणि हे महाराजही त्यातलेच. हे पंखावर पंख घासतात, एका पंखावर करवतीसारखे दाते असतात. रातकिड्याचा उजवा पंख वर असतो, याचा डावा. आणि कान म्हणाल तर पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. मी चष्मा लावून बघितलं तर खरंच तिथे बारीकशी फट होती. देवाशपथ सांगतो, सदुसष्ट वर्षं शेतात हा किडा बघतोय, त्याच्या पायाकडे कधी बघितलं नव्हतं.

"रातकिडा तुम्हाला अजून ऐकू येत असेल, त्याचा आवाज खालच्या पट्टीतला आहे," बाई म्हणाल्या. "याचा फारच वरच्या पट्टीतला. वय झालं की माणसाचे आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. साठीनंतर पुष्कळांना हा ऐकूच येत नाही. आणि तुम्ही तर वीजघरात होतात."

त्यांना देवळातला आवाज पंचमीलाच ओळखू आला होता. वाटलं होतं, चुकून आलेला किडा असेल, आपोआप जाईल. पण मग त्यांनी गुहागरकडच्या एका शिक्षक मैत्रिणीला फोन लावला. तिच्या गावातही भाद्रपदात हाच बुवा होता. तिथे घट नव्हता, तुळशीवृंदावन होतं, पण चुडा हाच आणि पहिला मानही असाच, वयाने सगळ्यात मोठ्या, एकट्या बाईचा. त्या म्हातारीच्या मुलाने मुंबईहून धावत येऊन उतारा केला आणि बुवा पुढच्या गावाला गेला. म्हणजे याला पक्कं ठाऊक होतं की म्हातारीला ऐकू येणार नाही, आणि ती एकदा अडकली की बाकीचे म्हातारे भिऊन हो म्हणणार. निर्मळ कान कसले आणि मळलेले कान कसले. तरुण कान आणि म्हातारे कान, एवढाच त्याचा हिशेब.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या की त्या परगावच्या, वयाने लहान, बसलेल्या घटाला हात लावायचं बोलल्या तर वाडी त्यांनाच हाकलेल. आणि नुसता किडा दाखवून भागणार नाही. बुवा म्हणेल देवीनेच पाठवला. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "तुम्हा अकरा जणांपैकी कुणीतरी खरं सांगायला हवं, काका."

मी त्यांना म्हणालो, बघतो. हे बघतो म्हणजे काय, ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावर डाफरलो. भीती बुवाची नव्हती, त्याची मला काडीची भीती नाही. भीती ही की दीडशे माणसांसमोर उभं राहून सांगायचं, मी खोटं बोललो आणि माझ्या खोट्यामुळे एक म्हातारी गढूळ पाणी पितेय. भाषण देणाऱ्या माणसाला ते फार जड जातं हो.

नवमीला सकाळी मी बाबू गुरवाकडे गेलो. इकडचं तिकडचं काही बोललो नाही. म्हटलं, बाबू, मला चुडा ऐकू आलेला नाही. बाबू हातातली फुलं तशीच धरून उभा राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला की त्यालाही आलेला नाही, पहिल्या दिवसापासून आलेला नाही, आणि गुरवालाच देवी ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याची पूजा काढून घेतील या धास्तीने त्याला चार दिवस झोप नाही. मी त्याला बरणीतला किडा सांगितला. तेव्हा तो म्हणाला की रुजवणाची टोकं कुणीतरी कुरतडल्यासारखी दिसतात खरी, पण बुवा म्हणाला होता, आईने प्रसाद घेतला.

बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, ही आमची पिढ्यानपिढ्यांची रीत. सागरबुवा जगत होता तो या रीतीवर. कुणी घटाला हात लावणार नाही, म्हणून कुणी आत बघणार नाही. बाबूने थोडा विचार केला. तो म्हणाला, घट मी हलवणार नाही, पण पाणी घालायला माझा हात रुजवणात जातोच. गेला, आणि दहा मिनिटांनी परत आला तो पांढराफटक पडून. किडा होता. त्याच्या मागच्या तंगडीला केसाएवढा काळा दोरा होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक मातीत खोचलेल्या काडीला बांधलेलं होतं. बाबू म्हणाला, आपल्या आईच्या समोर, दत्तूभाऊ. तो रडला. मी त्याला सांगितलं, आता तसंच राहू दे, संध्याकाळी सगळ्यांसमोर काढ.

संध्याकाळी देऊळ भरलं. यमुनावैनीला बोलावून भिंतीशी उभं केलं होतं. बुवाने पुन्हा पंखे बंद करायला लावले आणि सुरू केलं की आई दयाळू आहे, आईने चार दिवस दिले, पण दगडाला पाझर फुटला नाही. आता तो तोंडाने निकाल देणार, एवढ्यात मी उठलो.

"मला चुडा ऐकू येत नाही," मी म्हणालो. "पंचमीलाही आला नव्हता. मी खोटं बोललो."

देवळात नुसती कुजबुज. बुवा एका क्षणात सावरला. म्हणाला, बघा, पापाला साथीदार असतोच. म्हणजे दोन मिनिटांत मीही करणी करणारा झालो. तेवढ्यात बाबू उठला आणि म्हणाला, मलापण नाय येत. मग मागून एक म्हातारा, मग एक म्हातारी. मोजून सात जण उभे राहिले. बाकीचे चार खाली बघत बसले होते, त्यांना मी नावं ठेवत नाही. बुवा मात्र आता घामाघूम झाला होता, आणि पंखे त्यानेच बंद केले होते.

मनस्विनीबाई मागच्या पायरीवर होत्या. त्यांनी मोठ्याने सगळ्यांना विनंती केली की पाच मिनिटं कुणी हलू नका, पाय आपटू नका, हा किडा जमिनीच्या हादऱ्याने गप्प होतो. किडा हा शब्द ऐकून बुवा उठायला लागला, तर हौसाच्या नवऱ्याने त्याचा खांदा धरून त्याला खाली बसवलं. बाईंनी झाकलेली बरणी पायरीवर ठेवली आणि बाजूला झाल्या. आम्ही थांबलो. मला काहीच कळत नव्हतं, पण एकदम समोरच्या सगळ्या पोरांच्या माना मागे वळल्या. मग सुनांच्या वळल्या, मग तरण्या बाप्यांच्या. सगळे बरणीकडे बघत होते. आम्हा म्हाताऱ्यांच्या माना जिथल्या तिथे होत्या. त्या क्षणी सगळ्या देवळाला दिसलं की कोणाला ऐकू येतं आणि कोणाला नाही, आणि त्यात पाप-पुण्याचा काही संबंध नव्हता. नुसत्या जन्मतारखा होत्या.

मग बाबूने वाघजाईला नमस्कार केला, रुजवणात हात घातला आणि दोऱ्यासकट किडा वर काढला. दिव्यासमोर तो तंगड्या झाडत लोंबकळत होता. बाईंनी दोरा कापला. एका म्हातारीने विचारलं की निदान ही देवीची किडी तरी आहे ना. बाई म्हणाल्या, आजी, हा नर आहे. यांच्यात मादी गात नाही, तिला अंडी घालायला मागे तलवारीसारखी नळी असते, याला नाही. चार दिवस आम्ही ज्या चुड्याला हळदीकुंकू वाहिलं तो बाप्या निघाला. एखाददुसरा हसला, पण हसू टिकलं नाही.

कारण हौसा उठून उभी राहिली होती. ती बुवाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"मंग माझा ओमकार कशानं गेला?" तिने विचारलं.

या प्रश्नाला मी श्रावणातच उत्तर द्यायला हवं होतं. दवाखान्याचा कागद मी वाचला होता, त्यावर लेप्टो लिहिलं होतं, आणि मी तिला ते नीट समजावलं नव्हतं, कारण तिचं रडणं मला बघवत नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सांगितलं. शेतातल्या पाण्यात उंदीर मुततात. त्यात रोगाचे जंतू असतात. ओमकारच्या टाचेला भेग होती, तो महिनाभर चिखलात अनवाणी होता, जंतू तिथून आत शिरले. ताप आल्याबरोबर औषध मिळालं असतं तर बहुतेक वाचला असता. यमुनावैनीने काही केलं नाही. तूही काही केलं नाहीस.

हौसा म्हणाली की लावणीच्या आधी आरोग्य केंद्राची आशाताई हा ताप येऊ नये म्हणून गोळ्या देऊन गेली होती, त्या फळीवर तशाच आहेत. मी म्हणालो, माझ्याही फळीवर आहेत, सगळ्या वाडीच्या फळ्यांवर आहेत. ती खाली बसली आणि गुडघ्यात तोंड घालून रडली. या खेपेला कुणी तिला कुणाचं नाव सांगायला पुढे आलं नाही. बुवाला पोलिस रात्री घेऊन गेले. तक्रारीवर पहिली सही बाबूची आहे, दुसरी माझी.

दसऱ्याच्या सकाळी मी विळा घेऊन यमुनावैनीच्या शेतात गेलो. अजून चार-पाच जण येतो म्हणाले होते, ते मागून येत होते. ती एकटीच कापत होती. अर्धं शेत झालं होतं आणि उरलेल्यात भात कमी आणि खाली गळलेले दाणे जास्त होते. पक्षी टिपत होते. मी दुसऱ्या टोकाने बसायला लागलो तर तिने हात थांबवला.

"दत्तू," ती म्हणाली, "तुला पयल्या दिशीच आयकू येत नव्हतां ना?"

"नव्हतं, वैनी."

"मंग तवाच का नाय बोललास?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, भ्यालो.

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी पन भ्यायले होते," ती म्हणाली आणि पुन्हा कापायला लागली.

तेव्हापासून मी जिथे जातो तिथे हे सांगतो, आणि तुम्हालाही तेच सांगतोय. तुमच्याकडेही कुणीतरी येईल आणि विचारील, ऐकू येतंय का, दिसतंय का, अंगाला जाणवतंय का. तुम्हाला येत नसेल तर नाही म्हणा. शेजाऱ्याला येतंय असं वाटलं तरी नाही म्हणा, त्यालाही येत नसण्याची शक्यता फार मोठी आहे. मग तो आवाज कशाचा ते जाऊन बघा, हात घालून बघा, पण नाही आधी म्हणा आणि पहिल्याच दिवशी म्हणा. मी नवमीला म्हणालो. तोवर यमुनावैनीचं निम्मं भात मातीत गेलं होतं.